शिफारस हेक्टरची, रान आपलं: सोलापूरच्या कोरडवाहू ज्वारीत संशोधन कसं उतरवायचं

पहिल्या वर्षी मी केलेला 'प्रयोग' असा होता. रस्त्याकडेच्या बांधालगत आठ ओळी नवं वाण आणि बाकी सगळ्या रानात घरची मालदांडी, म्हणजे आमच्याकडची जुनी ज्वारी. जानेवारीत नव्या वाणाची कणसं अशी भरली, की जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून मी ती दाखवायचो. फेब्रुवारीत तात्या, म्हणजे माझे चुलत चुलते, रानात आले. कणसाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पायानं माती उकरली, रस्त्याच्या चारीकडं नजर टाकली आणि म्हणाले, "आरं, ही ज्वारी बियाण्याची न्हाय, चारीच्या पाण्याची हाय."

खरं होतं. सप्टेंबरात चारी फुटून रस्त्याचं पाणी त्याच आठ ओळींत मुरलं होतं. वाण चांगलं की वाईट, ते त्या वर्षी मला कळलंच नाही. तेच वाण मी माळाकडच्या हलक्या, मुरमाड बरडात पेरून बघितलं असतं, तर त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो.

तेव्हापासून जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. संशोधन केंद्राची शिफारस हातात आली, की ती आपल्या रानात कशी तपासायची, कुठं जशीच्या तशी घ्यायची आणि कुठं थांबायचं, एवढाच विषय आहे. उदाहरण रब्बी ज्वारीचं घेतलंय, कारण मोहोळ-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात आमचं सगळं गणित तिच्यावर चालतं. रीत मात्र हरभरा, करडई, तुरीलाही तीच.

शिफारस येते कुठून

सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र आहे १९३३ पासून. दुष्काळी मुलखात पाऊस पडतो थोडा, तोही लहरी, मग पीक कसं काढायचं, हा प्रश्न घेऊनच ते सुरू झालं. १९७० मध्ये देशभरातल्या कोरडवाहू संशोधनाचा समन्वित प्रकल्प उभा राहिला, त्यातलंही सोलापूर हे एक केंद्र. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, मोहोळचं संशोधन केंद्र, हैदराबादच्या भरडधान्य संस्थेचं सोलापुरातलं रब्बी ज्वारीचं केंद्र, असं बरंच काही आपल्या उंबऱ्याशी आहे. १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून मोहोळला निवडलेलं 'एम ३५-१' हे वाण आजही नव्या वाणांना तुलनेसाठी शेजारी पेरलं जातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच मालदांडीच्या जोरावर.

विद्यापीठाची शिफारस एका वर्षाच्या कौतुकावर निघत नाही. निरनिराळ्या ठिकाणी, काही वर्षं, तेच तेच प्लॉट पुन्हा पुन्हा घेऊन आकडे जमवले जातात आणि चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे 'ॲग्रेस्को'त, त्यावर वाद घालून मगच ती बाहेर येते. म्हणून तिला मान द्यायचा. पण ती सरासरी असते. तुमच्या रानाच्या कोपऱ्यात मुरूम किती खाली आहे, हे तिला ठाऊक नसतं. ते तुम्हाला शोधायचं आहे, आणि सुरुवात तिथूनच.

सळई घ्या

बारा मिलिमीटरची चार फूट लोखंडी सळई. एक टोक घासून टोकदार करा, दर १५ सेंटिमीटरला रंगाची खूण करा, वरच्या टोकाला आडवी मूठ वेल्डिंग करून घ्या. एवढ्या हत्यारानं रानाचा जेवढा उलगडा होतो, तेवढा मला दहा वर्षं नांगर धरून झाला नव्हता.

दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली, की रानात उभी-आडवी वीस-वीस पावलं टाकत जायचं आणि दर थांब्याला सळई सरळ दाबायची. ओल्या काळ्या मातीत ती गुपचूप उतरते. मुरूम लागला, की हाताला खरखर जाणवते आणि 'खर्र' असा बारीक आवाज येतो. किती खुणांवर थांबली ते वहीत लिहा. एका एकराला पंधरा-वीस ठिकाणं पुरे.

इथं एक फसगत आहे. खालची माती कोरडी असेल, तर वाळलेल्या चिकणमातीवरही सळई अडते आणि मुरूम लागला असं वाटतं. कोरड्यावर अडली तर आवाज खरखरीत नसतो, ठोकल्यासारखा बोथट येतो. तरी कानावर विसंबू नका. दोन-तीन ठिकाणी फावड्यानं खड्डा घेऊन डोळ्यानं खात्री करा. मी पहिल्या वेळी ही खात्री केली नाही आणि माझ्या उत्तम काळ्या पट्ट्याला वर्षभर 'मध्यम' समजत राहिलो.

आता ही खोली एवढी का महत्त्वाची? आपली रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, साठलेल्या ओलीवर येते. पेरणीनंतर पाऊस झाला तर झाला. काळ्या चिकणमातीत दर १० सेंटिमीटर खोलीत पिकाला उचलता येईल असं पाणी साधारण १५ ते २० मिलिमीटर राहतं. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या रानात पुरती भरलेली टाकी झाली तरी ४५ ते ६० मिलिमीटरची, आणि ९० सेंटिमीटरच्या रानात १३५ ते १८०. मुरूम मिसळलेला असेल तर त्याहून कमी. एकाच बांधाच्या आत टाकीचा आकार तिप्पट बदलत असताना, सगळीकडं एकच वाण पेरून 'यंदा ज्वारी साधली नाही' म्हणण्यात काय अर्थ?

वहीत चौकटी काढून खोली भरली, की रानाचा नकाशा तयार होतो. ३० सेंटिमीटरपर्यंत हलकी, ६० पर्यंत मध्यम, त्यापुढं भारी. विद्यापीठाच्या शिफारशी याच तीन भागांत लिहिलेल्या असतात, त्यामुळं पुढचं काम सोपं होतं.

खोलीला वाण

हलक्या जमिनीला फुले अनुराधा. ती साधारण १०५ ते ११० दिवसांत निघते, टाकी रिकामी व्हायच्या आत तिचं काम उरकलेलं असतं. हलकी ते मध्यम असेल तर फुले माऊली. मध्यमला फुले सुचित्रा. भारीला फुले वसुधा, फुले यशोदा, आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. मालदांडी अर्थातच आहे, ती मध्यम-भारी रानात आपला धर्म सोडत नाही. हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर अशी वेगळी वाणं आहेत. हुरडा पार्टीला पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची गर्दी बघता, घराजवळचा अर्धा एकर त्यांच्यासाठी ठेवणं हा चांगला व्यवहार आहे.

वाण निवडताना भाकरी आणि कडबा विसरू नका. दाणे थोडे जास्त देणारं पण कडबा आखूड असणारं वाण आमच्या घरात दुसऱ्या वर्षी पेरलं जात नाही, कारण दावणीला चार जनावरं आहेत आणि उन्हाळ्यात कडब्याच्या पेंढीचा भाव विचारायची सोय नसते. प्रयोग करताना कडबाही तोलायचा, ते पुढं येईलच.

माती तपासणी, पण नमुना नीट

एप्रिल-मेमध्ये, शेणखत पसरायच्या आधी नमुना घ्या. सळईच्या नकाशाप्रमाणे हलक्या भागाचा वेगळा, भारीचा वेगळा. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर, म्हणजे २० ते २२ सेंटिमीटरचा खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी चकती काढा. सगळी माती गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा, विहिरीजवळचा ओलसर भाग टाळायचा. आमच्या गावात एकानं गोठ्यामागची माती पाठवली आणि अहवालात पालाश, कर्ब सगळं भरपूर आलं म्हणून तो दोन वर्षं खुशीत होता.

अहवालात सामू (पीएच) आठच्या आसपास आणि चुन्याचं प्रमाण जास्त दिसलं तर घाबरू नका, आपल्या काळ्या रानाचा तो स्वभावच आहे. फक्त अशा जमिनीत स्फुरद लवकर अडकून बसतं आणि जस्त, लोह कमी पडतात, हे लक्षात ठेवून खत मातीत पेरून द्यायचं, वर फेकायचं नाही. बघायचा खरा आकडा सेंद्रिय कर्बाचा, त्याचं शेवटी बोलू.

जुलैत वाफे

५० मिलिमीटरचा एक पाऊस एका एकरावर पडला, तर पाणी झालं दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. उन्हाळ्यात गावात एक टँकर आला की हंड्यांची रांग लागते, आणि आषाढ-भाद्रपदात असे वीस टँकर ओढ्यानं भीमेला जातात, आपली वरची माती घेऊन.

सोलापूरच्या केंद्रानं यावर सांगितलेला उपाय साधा आहे. जुलैमध्ये रान मोकळं असतानाच उताराला आडवे चौकोनी वाफे पाडायचे, साधारण ६ ते १० मीटर बाजूचे. उतार जास्त तर वाफा लहान. पडेल ते पाणी पडेल तिथंच जिरतं. ट्रॅक्टरच्या सारा यंत्रानं दोन दिवसांचं काम आहे. पेरणीच्या आधी वरंबे मोडून रान सारखं करायचं.

यासोबत बांधावर एक पर्जन्यमापक ठेवा. विकतचा नसला तरी चालेल. सरळ भिंतीचा, उघड्या तोंडाचा कुठलाही डबा घ्या आणि त्यात पट्टी उभी करा. डबा रुंद असो की अरुंद, भिंती सरळ असतील तर पट्टीवरचे मिलिमीटर खरेच असतात. मंडळातलं सरकारी मापक आपल्या रानापासून लांब असतं, आणि आपल्याकडं एका शिवारात पाऊस अन् शेजारच्या शिवारात धूळ, हे नेहमीचंच आहे. डबा सकाळी ठरलेल्या वेळेला मोजून रिकामा करायचा.

प्रयोगाची आखणी: जोड्या लावा, नाणं फेका

तात्यांच्या वाक्यावरचं उत्तर या भागात आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिलं, एका वर्षी एकच प्रश्न. नवं वाण बघायचं असेल तर खत, अंतर, पेरणीचा दिवस, कोळपणी सगळं दोन्हीकडं सारखं. वाणही बदललं आणि खतही बदललं, तर फरक कुणामुळं पडला ते देवालाच ठाऊक.

दुसरं, रानाचे दोन भाग करून इकडं जुनं, तिकडं नवं असं करू नका. इकडचं रान आणि तिकडचं रान सारखं नसतंच, सळईनं ते दाखवलेलंच आहे. त्याऐवजी पट्ट्या पाडा. पेरणी यंत्राच्या एक-दोन फेऱ्या म्हणजे एक पट्टी. शेजारच्या दोन पट्ट्या मिळून एक जोडी, एकीत जुनं, एकीत नवं. अशा पाच-सहा जोड्या रानभर पसरवा. कुठली जोडी हलक्यात आली, कुठली भारीत, तरी हरकत नाही. जोडीतल्या दोघी शेजारणी असल्यानं त्यांचं नशीब सारखंच असतं, आणि आपल्याला तुलना जोडीच्या आतच करायची आहे.

तिसरं, जोडीत डावीकडं कोण आणि उजवीकडं कोण, हे तुम्ही ठरवायचं नाही. प्रत्येक जोडीला नाणं फेका. हे थोडं पोरखेळासारखं वाटतं. पण आपला हात नकळत नव्या बियाण्याला चांगली बाजू देतो. मी तर चारीची बाजू दिली होती! शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी शेतातल्या प्रयोगांसाठी हीच शिस्त बसवली, आणि आजही राहुरीपासून हैदराबादपर्यंत प्रत्येक प्लॉटची जागा चिठ्ठ्या टाकून ठरते.

पाच-सहाच जोड्या कशाला, तीन का नाहीत, असा प्रश्न येतो. हिशोब करून बघा. दोन्ही वाणं अगदी सारखी असली, तरी एखाद्या जोडीत नवं पुढं जाण्याची शक्यता नाणेफेकीसारखी, निम्मी. तीनही जोड्यांत निव्वळ नशिबानं नवंच जिंकण्याची शक्यता आठात एक. म्हणजे आठ शेतकऱ्यांनी प्रयोग केला तर एकाला फुकटचा विजय मिळायचा. पाच जोड्या घेतल्या तर बत्तिसात एक, सहा घेतल्या तर चौसष्टात एक. सहाच्या सहा जोड्यांत नवं वाण पुढं असेल, तर पुढच्या वर्षी ते निर्धास्त वाढवा. चार जोड्यांत पुढं आणि दोन जोड्यांत मागं असेल, तर खोलीचा नकाशा काढा. बऱ्याचदा त्या दोन जोड्या एकाच खोलीच्या निघतात, आणि मग उत्तर मिळतं ते 'कुठल्या भागात चांगलं' या प्रश्नाचं. हे उत्तर कुठल्याही पुस्तकात नसतं.

पट्ट्यांच्या टोकाला रंगवलेल्या खुंट्या ठोका आणि नकाशाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. चिठ्ठी खिशात ठेवली तर ती धुण्यात जाते.

पेरणी, आणि हेक्टर-एकराचा घोळ

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. उत्तरा नक्षत्रात पाऊस झाला आणि वापसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी ओली राहिली, की वाट बघत बसू नये. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' हे खरं, पण स्वाती लागते ऑक्टोबरच्या शेवटाकडं. तो पाऊस उभ्या पिकाला मोती देतो, घरात पडलेल्या बियाण्याला नाही. ऑक्टोबरचा मध्य उलटून गेला आणि तेव्हाच ओल आली, तर ज्वारीचा हट्ट सोडून हरभरा किंवा करडई घ्यावी. करडईचं सोटमूळ खोल जाऊन पाणी शोधतं.

बियाणं हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी चार किलो. काणी रोगासाठी ३०० मेश गंधक किलोला ४ ग्रॅम, चार किलोला १६ ग्रॅम. हलकं चोळा. खोडमाशीसाठी कीटकनाशकाची बीजप्रक्रिया करायची असेल तर लेबलवरच्या मात्रेनं, हातमोजे घालून. ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू संवर्धक, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, सगळ्यात शेवटी. सावलीत वाळवून लगेच पेरायचं. आधी जिवाणू लावून वर औषध चोळलं, तर त्या जिवाणूंचं काय व्हायचं ते होतं.

अंतर दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत १५. हिशोबानं हेक्टरी १ लाख ४८ हजार, एकरी जवळपास ६० हजार ताटं. रानात तपासायचं कसं? ओळीत एक मीटर काठी आडवी ठेवा, सहा-सात रोपं दिसली पाहिजेत. दहा-बारा दिसली तर विरळणी करा, जीव तुटला तरी. मर्यादित टाकीवर जास्त तोंडं बसवली, की डिसेंबरात सगळीच उपाशी.

आता खत. मध्यम जमिनीला कोरडवाहूत शिफारस हेक्टरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा ४० किलोला लागतो हेक्टरी ८७ किलो युरिया, एकरी ३५ किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, तेव्हा २० किलोला १२५ किलो, एकरी एक पोतं. हलक्या जमिनीला नुसतं २५ किलो नत्र हेक्टरी, म्हणजे एकरी २२ किलो युरिया. भारीला ६०:३०, एकरी ५२ किलो युरिया आणि दीड पोतं सुपर. कोरडवाहूत सगळं नत्र पेरतानाच, बी आणि खत एकदम पेरणाऱ्या दोन चाड्यांच्या पाभरीनं, बियाण्याखाली.

हा हिशोब इतका विस्तारानं लिहायचं कारण, छापील पत्रकात 'हेक्टरी' लिहिलेलं असतं आणि आपण डोक्यात एकर धरून वाचतो. मग अडीच पट खत पडतं. ज्वारी नोव्हेंबरात काळीभोर, फोफावलेली दिसते, बघणारा खूश. पण त्या पानांनी टाकीतलं पाणी लवकर पिऊन टाकलेलं असतं. फुलोऱ्यानंतर ओल संपली, ऊन वाढलं, की खडखड्या येतो. बुंधा आतून पोकळ होऊन ताटं लोळतात, वाकवलं की मोडतात. दाट पेरणी आणि जादा नत्र हे दोन्ही या रोगाला आवतण आहेत. आमच्याकडं खडखड्याला 'वारं लागलं' म्हणतात. वाऱ्याचा दोष फार कमी असतो.

उभ्या पिकात

कोळपणी तीनदा. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्या आठवड्यात अखंड पासेच्या, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. तण निघतं हा अर्धाच फायदा. काळी माती वाळताना भेगाळते, आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. शेवटची कोळपणी भेगा बुजवण्यासाठी असते. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' हे म्हातारी माणसं उगाच म्हणत नव्हती.

पोंगे वाळलेले दिसले तर मधला सुरळीचा भाग ओढून बघा. सहज निघून आला आणि बुडाशी कुजका वास आला, तर खोडमाशी. अशी किती रोपं, ते प्रत्येक पट्टीत शंभर रोपं मोजून लिहा. वाणांतला फरक इथंच पहिल्यांदा दिसतो.

पाण्याची सोय असेल आणि एकच पाणी देता येणार असेल, तर ते पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असताना, ५० ते ५५ दिवसांनी. दोन देता येत असतील तर पहिलं २८ ते ३० दिवसांनी. प्रयोगाच्या रानात पाणी द्यायचं तर सगळ्या पट्ट्यांना सारखं द्या, नाहीतर पुन्हा चारीची गोष्ट.

काढणी आणि तराजू

डोळ्यानं ठरवायचं नाही. मोठं कणीस डोळ्याला भुरळ घालतं.

प्रत्येक पट्टीत कडेच्या ओळी सोडून मधल्या चार ओळी घ्या. चार ओळींची रुंदी १.८० मीटर, त्यांची ५.५५ मीटर लांबी मोजली की बरोबर १० चौरस मीटर होतात. तेवढीच कणसं कापा, पट्टीच्या नावाच्या वेगळ्या पोत्यात भरा, सगळी पोती एकाच ठिकाणी सारखे दिवस वाळवा, मग झोडून दाणे तोला. किलोला ४०५ नं गुणलं की एकरी वजन. समजा १.६ किलो भरले, तर एकरी ६४८ किलो, साडेसहा क्विंटलच्या जवळ. त्याच जागेचा कडबा वाळवून तोला.

लवकर येणारं वाण असेल तर एक सांभाळा. शिवारात सगळ्यात आधी दाणे भरलेली पट्टी तुमची, म्हणजे गावातले सगळे पक्षी तुमचे पाहुणे. माझ्या एका पट्टीचा निम्मा दाणा असाच गेला. मोजायच्या जागेतली कणसं जुन्या साडीच्या कापडानं बांधून ठेवा, दोन्ही वाणांची. आणि ज्या पट्टीत डुकरं शिरली किंवा शेजारच्याची जनावरं चरली, ती जोडी दोन्हीकडून रद्द करा. नुसती खराब पट्टी गाळून चांगली ठेवायची नाही.

शेवटी दोन्हीचं पीठ वेगळं दळून आणून, कुठलं कुठलं ते न सांगता भाकरी करायला द्या. आमच्या घरी या परीक्षेचा निकाल सगळ्यात कडक लागतो.

कर्बाचा प्रश्न, जो एका वर्षात सुटत नाही

सोलापूरच्या केंद्रावर रब्बी ज्वारीला एकाच जागी वर्षानुवर्षं चाललेला खताचा प्रयोग आहे. काही प्लॉटना काहीच नाही, काहींना नुसता युरिया, काहींना शेणखत, काहींना काडीकचरा, काहींना सुबाभळीचा पाला, आणि काहींना निम्मं नत्र पाल्यातून, निम्मं युरियातून. निम्मं-निम्मं दिलेले प्लॉट उत्पादनातही पुढं राहिले आणि जमिनीतला कर्बही त्यांनी राखला. असं उत्तर आपल्या पट्ट्यांतून एका हंगामात मिळणं शक्य नाही, त्याला वीस-बावीस वर्षं लागतात. म्हणून ते मी डोळे झाकून घेतलं.

करायचं कसं? बांधावर जूनमध्ये गिरिपुष्पाच्या काड्या लावा. सुबाभूळही चालते, पण ती शेळ्यांच्या तावडीतून वाचवावी लागते. दोन-तीन वर्षांनी छाटणी मिळायला लागते. मध्यम जमिनीच्या शिफारशीतलं निम्मं नत्र म्हणजे एकरी आठ किलो. तेवढ्यासाठी अंदाजे एक टन ओला पाला लागतो. ऑगस्टमध्ये छाटून वाफ्यात पसरवा आणि मातीआड करा, म्हणजे पेरणीपर्यंत कुजतो. मग युरिया एकरी १७-१८ किलोच. सुरुवातीला एक टन पाला निघत नाही, माझा अजून निघत नाही. जेवढा निघतो तेवढा हलक्या पट्ट्यात टाकतो, कारण गरज तिथं जास्त.

यंदाचा माझा प्रश्न आच्छादनाचा आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ओळींमधून हेक्टरी पाच टन काडीकचऱ्याचं आच्छादन करावं, अशी शिफारस आहे. एकरी दोन टन झाले. एवढ्या तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, आहेत कुणाकडं? म्हणून सहा जोड्या, प्रत्येकीत एका पट्टीला आच्छादन, दुसरी उघडी, तेवढ्यापुरत्याच तुरकाट्या. सळईचा नकाशा तयार आहे, नाणंही आहे. फक्त तुरकाट्या चुलीत जायच्या आधी घरात सांगून ठेवायला हवं, मागच्या वर्षी तेच राहून गेलं होतं.